कोरड्या सांध्यांचा किल्ला

जैसलमेरला मी गेलो तो किल्ला पाहायला म्हणून नव्हे. एका अक्षरापायी गेलो.

मराठी भाषेचा इतिहास हा विषय मी महाविद्यालयात सव्वीस वर्षे शिकवला. दर वर्षी पहिल्या सत्रात 'कुवलयमाला' यायची. उद्द्योतनसूरी या जैन आचार्यांनी जालोर इथे, शके ७०० संपायला एक दिवस उरला असताना, म्हणजे इ.स. ७७९ च्या मार्चमध्ये, पुरी केलेली ही प्राकृत कथा. तिच्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलत आहेत आणि कथाकार एकेकाचा बांधा, स्वभाव आणि तोंडचे एकदोन शब्द टिपत चालला आहे. त्या गर्दीत आपला माणूसही उभा आहे: अंगाने मजबूत, उंचीने बेताचा, रंगाने सावळा, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर. देण्याघेण्याचे दोन शब्द त्याच्या तोंडी घातले आहेत. एवढे सांगून झाले की वर्गात हटकून हशा पिकायचा, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचेच, "सर, अजून काही फरक नाही!"

या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातले अर्धमागधीचे प्राध्यापक आ. ने. उपाध्ये यांनी सिद्ध केली आणि तिचा पहिला भाग १९५९ मध्ये मुंबईहून निघाला. उपाध्यांच्या हाती दोनच हस्तलिखिते होती. एक पुण्याच्या भांडारकर संस्थेतले, कागदावरचे. पाठभेदांच्या तळटीपांत त्याची खूण 'पी'. दुसरे ताडपत्रावरचे, संवत ११३९ चे, म्हणजे इ.स. १०८२-८३ च्या सुमाराचे. त्याची खूण 'जे'. जे म्हणजे जेसलमेर. सव्वीस वर्षे मी या अक्षराकडे बघत आलो. आपल्या माणसाचे इतके जुने वर्णन थरच्या वाळवंटातल्या एका किल्ल्यात नऊशे वर्षांपूर्वीच्या ताडपत्रावर आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायचो. पण तिथे ते का आहे, कसे टिकले, हे मला कुणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात विचारले, आणि जोधपूरहून रात्रीच्या गाडीत बसलो.

पहाटे गाडीतून उतरल्यावर किल्ला लगेच दिसला नाही. धुके आणि वाळू यांचा एक पडदा होता. तासाभराने उन्हे आली आणि रिक्षेच्या पुढच्या काचेत एकदम तो उभा राहिला. सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला' या १९७४ च्या चित्रपटानंतर बंगाली प्रवाशांची इथे रीघ लागली, ती अजून आहे. दुकानांच्या पाट्यांवर बंगाली अक्षरे दिसतात. 'सोनेरी' हे विशेषण वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे, तरी खरे आहे. मात्र पहिल्या क्षणी मला सोने आठवले नाही. मला वाटले, डोंगर कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, हे कळत नाही. आपल्याकडे काळ्या कातळावर काळा तट असतो तसेच हे, फक्त रंग हळदीचा.

त्रिकूट नावाची ही टेकडी भोवतालच्या सपाटीपासून साधारण ७५ मीटर उंच. राजगड-तोरण्यावर पाय घासलेल्या माणसाला हा किल्ला चढायला दहा मिनिटे पुरतात. लांबी साडेचारशे मीटरच्या आसपास, रुंदी त्याच्या निम्मी. म्हणजे उंची आणि चढ यांच्या जोरावर हा किल्ला लढवायचा नव्हताच. त्याचा खरा खंदक म्हणजे चारी बाजूंचे वाळवंट. कुठूनही यायचे तर दिवसच्या दिवस पाण्याशिवाय चालावे लागे, आणि वाटेतल्या विहिरी किल्लेदाराच्या ताब्यात असत.

तट तीन पदरी आहे, आणि या तीन पदरांची कामे वेगवेगळी आहेत हे मला दुसऱ्या दिवशी, एका उतारावर तासभर बसल्यावर उमगले. सगळ्यात खालचा पदर लढण्यासाठी नाही. तो डोंगराला धरून ठेवण्यासाठी आहे. ही टेकडी आपल्या बसाल्टसारखी एकसंध नाही. वालुकाश्म, शेल आणि मातीचे पट्टे यांचे थर एकावर एक रचलेले. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि किनाऱ्यावर अरण्ये होती. शहरापासून सतराएक किलोमीटरवर आकल इथे त्या झाडांचे दगड झालेले ओंडके आजही उघड्यावर पडले आहेत. अशा थरांच्या टेकडीच्या कडा सुटतात, म्हणून तिच्या पायाला मोठ्या दगडांचा कंबरपट्टा बांधला. दुसरा पदर मधला, टेकडीला वळसे घालत जाणारा. तिसरा सगळ्यात वरचा, त्यावरून शिबंदीने लढायचे. या वरच्या तटाच्या माथ्यावर ठिकठिकाणी गोल दगड आणि दगडी लाटा ओळीने मांडून ठेवल्या आहेत. शत्रू उतारावर आला की त्या लोटायच्या. तटात ९९ बुरूज आहेत आणि त्यांतले ९२ इ.स. १६३३ ते १६४७ या काळात बांधले वा पुन्हा बांधले गेले. म्हणजे आज छायाचित्रांत दिसणारे त्याचे गोलगरगरीत रूप बरेचसे शाहजहानच्या काळातले आहे, बाराव्या शतकातले नव्हे.

आपल्याकडच्या किल्ल्यांवर हिंडणाऱ्याला एक सवय असते. घाण्याचे चाक कुठे आहे, हे तो पाहतो. चुना मळण्याचे ते जड दगडी चाक कुठेतरी बुरुजामागे पडलेले असते. मीही सवयीने शोधले. मिळाले नाही, आणि नंतर लक्षात आले की शोधण्यात अर्थ नव्हता. इथला तट शुष्कसांधी आहे. दगड घडून, एकमेकांत अडकवून, चुन्याशिवाय रचलेला. चुना विरवायचा, भिजवायचा, मुरवायचा, बांधकाम झाल्यावर त्यावर पाणी मारायचे, तर पाणी लागते, आणि इथे वर्षाकाठी पंधरा-वीस सेंटिमीटर पाऊस. तेवढा तर आमच्याकडे मुळशीला जुलैच्या एका दिवसात पडून जातो. तेव्हा हा किल्ला कोरड्याने बांधला, कोरड्यावर उभा राहिला, आणि त्याच्या आतली घरेही कोरड्याच्याच हिशेबाने बांधली गेली: दगडी भिंती, वर लाकडाचे वासे, त्यावर काटक्या आणि मातीचा जाड थर. ऊन आत येत नाही. चार शिंतोडे पडले तर माती पिऊन टाकते आणि दुसऱ्या दिवशी सुकते. जो काही पाऊस पडेल तो रस्त्यांच्या उताराने आणि दगडी पन्हाळींतून तटाबाहेर, टेकडीच्या चारी अंगांनी फेकून द्यायची व्यवस्था होती. टेकडीत पाणी मुरता कामा नये, ही गोष्ट बांधणाऱ्यांना आपल्याइतकीच, बहुधा आपल्याहून अधिक, ठाऊक होती.

वर जाण्याचा रस्ता एकच, आणि चार दरवाजांतून जाणारा: अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ. पहिला दरवाजा सगळ्यात अलीकडचा, अठराव्या शतकातल्या महारावळ अखैसिंहांचा. दोन दरवाजांच्या मध्ये रस्ता असा मुरडतो की हत्तीला धावत येऊन दाराला टक्कर देता येऊ नये. शेवटच्या दरवाजात खरोखरच वारा लागतो. तिथे सावलीत म्हातारी माणसे बसून असतात. मग एकदम चौक येतो, समोर राजवाड्याचे मजल्यांवर मजले, आणि त्यांच्या पायरीवर उघड्यावर ठेवलेले पांढरे संगमरवरी सिंहासन. किल्ल्यात अजून तीन-चार हजार माणसे राहतात. मुले शाळेत जातात, गायी रस्ता अडवतात, लग्नाच्या पत्रिका भिंतीवर रंगवलेल्या असतात. 'ओस' किल्ल्यांची सवय असलेल्या मराठी डोळ्यांना हे फार वेगळे वाटते. आपल्याकडे किल्ला म्हणजे इतिहास. इथे तो पत्ता आहे.

आता थोडे इतिहासाचे. भाटी राजपुतांची राजधानी आधी लोद्रव्याला होती, इथून सोळा-सतरा किलोमीटरवर. रावळ जैसल याने आपल्या पुतण्याविरुद्ध घोरीच्या फौजेची मदत घेतली, लोद्रवा उद्ध्वस्त झाले, आणि मग जैसलने ही अधिक बळकट जागा निवडली, अशी कथा. ईसाल नावाच्या साधूने त्याला टेकडी दाखवली आणि कृष्णाने सुदर्शन चक्राने इथे विहीर पाडल्याचे सांगितले. भाटी स्वतःला यदुवंशी म्हणवतात, म्हणून कृष्ण. देवगिरीचे यादवही त्याच वंशाचे नाव सांगत, हे वाचकांना आठवेल. स्थापनेचे साल संवत १२१२, म्हणजे इ.स. ११५५-५६. या परंपरेत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, घराणे आपल्या संस्थापकाच्या नावावर भाऊबंदकी आणि परक्यांची मदत हा डाग लपवत नाही. दोन, किल्ल्याची जन्मकथा विहिरीपासून सुरू होते. डोंगर दिसला आणि तट बांधला, असे नव्हे; आधी पाणी आहे का ते पाहिले.

किल्ल्यावरच्या वेढ्यांविषयी बोलताना स्थानिक वाटाडे 'अढाई साके' म्हणतात, अडीच साके. पुरुषांनी केसरिया करून बाहेर पडायचे आणि बायकांनी जोहार करायचा, तो साका. पहिला अलाउद्दीन खलजीच्या वेळचा, दुसरा फिरोजशाह तुघलकाच्या, आणि १५५० च्या सुमाराचा तिसरा अर्धा. पहिल्या वेढ्याची हकीकत मुहणोत नैणसीच्या सतराव्या शतकातल्या ख्यातीत आणि पुढे जेम्स टॉडच्या ग्रंथात येते. टॉडने तो वेढा आठ वर्षांचा म्हटला आहे. मला हे पचायला जड जाते. आठ वर्षे वेढा घालणाऱ्या फौजेने त्या वाळवंटात प्यायले काय? अलाउद्दीनच्या दरबाराला जवळच्या लेखकांनी चितोड, रणथंबोर यांचे विस्ताराने वर्णन केले. जैसलमेरच्या वेढ्याविषयी ते गप्प आहेत. टॉड स्वतः जैसलमेरला कधी आलाच नव्हता. म्हणून वेढा झालाच नाही असे मी म्हणणार नाही. परंपरा इतकी घट्ट आहे की तिच्या बुडाशी काहीतरी भयंकर घडलेले असणार. पण वर्षे आणि आकडे मी बाजूला ठेवतो.

अर्ध्या साक्याची गोष्ट मात्र ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही. रावळ लूणकरणाच्या आश्रयाला आलेल्या अमीर अली नावाच्या पठाण सरदाराने आपल्या बायका राणीवशाला भेटायला पाठवतो असे सांगून मेण्यांतून हत्यारबंद माणसे आत घातली. लढाई राजवाड्याच्या दारात आली. चिता रचायला वेळ नव्हता, म्हणून पुरुषांनी आपल्याच बायकांवर तलवार चालवली. त्यानंतर बाहेर गेलेली कुमक परत आली आणि डाव उलटला. लढाई जिंकली होती. जोहार पुरा झाला नाही, म्हणून साका अर्धा! वाटाड्याने हे मला हसत, पाठ केल्यासारखे सांगितले. त्या अर्ध्यात ज्या बायका गेल्या, त्यांच्या दृष्टीने तो पुरताच होता.

त्याच्या आठ वर्षे आधी, १५४२ मध्ये, शेरशाहाकडून हरलेला हुमायून आपला लवाजमा घेऊन या वाळवंटातून अमरकोटकडे चालला होता. त्या प्रवासाच्या आठवणी जौहर आफताबचीने लिहून ठेवल्या आहेत. आफताबची म्हणजे बादशहाची पाण्याची झारी सांभाळणारा सेवक. तेव्हा तहानेचा इतिहास लिहायला याच्याइतका लायक माणूस नाही. जैसलमेरकरांनी वाटेतल्या विहिरी वाळूने बुजवल्या होत्या, असे तो सांगतो. तोफ नाही, तलवार नाही. चार विहिरी बुजवल्या की बादशहा पुढे निघून जातो. ऑक्टोबरात अमरकोटला अकबराचा जन्म झाला, आणि १५७० मध्ये जैसलमेरच्या रावळ हरराजाने नागौरला त्याच अकबराची ताबेदारी पत्करली. पुढची दोन शतके या घराण्याला दिल्लीशी जुळवून घेणे फायद्याचे गेले, आणि सिंधमार्गे अफगाणिस्तानकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवरची जकात हाच राज्याचा खरा महसूल राहिला.

मराठी वाचक विचारील, आपली फौज इथवर आली का? नाही. राजपुतान्यातल्या बहुतेक संस्थानांच्या कागदपत्रांत मराठ्यांच्या चौथाई-खंडणीच्या कुरबुरी भरलेल्या आहेत. १७५५ मध्ये जयाप्पा शिंदे नागौरच्या वेढ्यात दग्याने मारले गेले. तिथून जैसलमेर पश्चिमेला जेमतेम तीनशे किलोमीटर. पण त्या तीनशे किलोमीटरांत घोड्याला पाणी नाही आणि शेवटी लुटायला सुपीक मुलूख नाही. जैसलमेर या धामधुमीतून जवळजवळ सुटले ते शौर्याने नव्हे, भूगोलाने. डिसेंबर १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्याच वर्षी, महारावळ मूळराज (दुसरे) यांनी कंपनीशी तह केला, त्यातही खंडणीचे कलम नव्हते.

किल्ल्याला खरा तडाखा दिला तो बंदरांनी. माळव्याची अफू एकेकाळी कंपनीची जकात चुकवून पालीवरून, जैसलमेरवरून, सिंधमधून कराचीला जात असे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि ही वाट मिटली; माल मुंबईकडे वळला. मुंबईचे गोदामे-गोद्या वाढल्या त्याची एक उलटी बाजू जैसलमेरच्या रिकाम्या झालेल्या हवेल्यांत दिसते. १९४७ च्या फाळणीने उरलीसुरली वाट बंद केली. इथे रेल्वे यायला १९६८ उजाडले.

याच पडत्या काळातले एक नाव नागपूरच्या वाचकांनी विसरू नये. सागरमल गोपा हे जैसलमेरचे, पण अनेक वर्षे नागपुरात राहून त्यांनी संस्थानी जुलमाविरुद्ध लिहिले. १९४१ मध्ये परत गेल्यावर त्यांना अटक झाली आणि एप्रिल १९४६ मध्ये जैसलमेरच्या तुरुंगात ते जळून मेले. त्यांना जाळण्यात आले, अशीच त्यांच्या देशवासीयांची खात्री आहे. संगमरवरी सिंहासनाचे फोटो काढताना वाटाडे हे सांगत नाहीत.

असो. मी ज्या अक्षरासाठी आलो होतो तिकडे वळतो.

किल्ल्याच्या नैऋत्य भागात जैन मंदिरांचा एक जुडगा आहे. पार्श्वनाथ, संभवनाथ, शीतलनाथ, शांतिनाथ, कुंथुनाथ, चंद्रप्रभ, ऋषभदेव. बाहेरचा तट जितका उघडा-बोडका, तितकीच ही मंदिरे आतून कोरलेली; तोच पिवळा दगड इथे मेणासारखा वागवला आहे. यांतल्या संभवनाथाच्या मंदिराखाली तळघरात ग्रंथभांडार आहे. पंधराव्या शतकात खरतरगच्छाचे आचार्य जिनभद्रसूरी यांनी ते वसवले. माझी 'जे' प्रत त्याहून जुनीच काय, खुद्द किल्ल्याहूनही सत्तर-बहात्तर वर्षांनी जुनी आहे. ओघनिर्युक्तीची एक प्रत तर संवत १११७ ची. म्हणजे हे ग्रंथ इथे लिहिले गेले नाहीत, इथे आणले गेले. ताडाची पानेसुद्धा या मुलखातली नव्हेत. ती दूर दक्षिणेकडून आलेली. गुजरातेत पाटण आणि खंभात इथे जैन विद्येची मोठी केंद्रे होती, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथे फौजा आल्या. ग्रंथ सांभाळणाऱ्यांनी मग अशी जागा निवडली जिथे पोचायला शत्रूला दिवसच्या दिवस तहानलेले चालावे लागेल. त्यांनी ही निवड करताना आणखी एक गोष्ट साधली, जी त्यांना अनुभवाने नक्की ठाऊक असणार. ताडपत्राचे शत्रू दोन, ओल आणि कीड, आणि कीड ओलीच्या पाठोपाठ येते. कोकणातल्या घरी माळ्यावर ठेवलेली पोथी तीन पिढ्या टिकली तर नशीब. इथे हजार वर्षे टिकली.

१८७४ च्या जानेवारीत गेऑर्ग ब्यूलर इथे आले. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापकी केलेले आणि आता मुंबई सरकारच्या शिक्षण खात्यात असलेले हे जर्मन पंडित सरकारसाठी हस्तलिखिते गोळा करत हिंडत. बरोबर हेर्मान याकोबी हा तेविशीतला तरुण. भांडाराच्या विश्वस्तांनी सगळे दाखवायला अर्थातच खळखळ केली. जे दाखवले त्यात त्यांना बिल्हणाचे 'विक्रमाङ्कदेवचरित' सापडले. काश्मीरहून निघालेला हा कवी कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या, पदरी राहिला आणि त्याने राजाचे चरित्र अठरा सर्गांत रचले. १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे राज्य करणारा, आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग ज्याच्या अमलाखाली होता तो हा राजा. त्याचे समकालीन चरित्र कल्याणीत नाही, सोलापुरात नाही, काश्मिरातही नाही. सापडले ते थरच्या वाळवंटात. ब्यूलर आणि याकोबी यांनी तिथेच बसून काही दिवसांत पोथी उतरवून काढली आणि १८७५ मध्ये ती 'बाँबे संस्कृत सीरीज'मध्ये छापून निघाली. दख्खनच्या इतिहासाचे एक अख्खे दालन त्या थंडीतल्या दोन माणसांच्या बोटांतून आपल्यापर्यंत आले.

त्यांच्यानंतर रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव श्रीधर भांडारकर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे हस्तलिखितांच्या शोधात आले. बडोदे संस्थानाकडून चि. डा. दलाल आले, त्यांची सूची त्यांच्या मृत्यूनंतर १९२३ मध्ये गायकवाड ग्रंथमालेत निघाली. आणि १९५० च्या सुमारास आले मुनी पुण्यविजयजी. आधीच्यांना मिळाले नाही ते त्यांना मिळाले, सगळ्या कुलपांच्या किल्ल्या. कित्येक महिने ते किल्ल्यात राहिले, विस्कटलेली पाने जुळवली, पोथ्या लावल्या, सूक्ष्मचित्रे काढवली. त्यांची सूची १९७२ मध्ये अहमदाबादहून प्रसिद्ध झाली. ती पाहायला ते नव्हते. या मालिकेत जाणाऱ्या-येणाऱ्यांची नावे आपण घेतो. पण पाचशे वर्षे पोथ्यांवर रुमाल बांधून, दार बंद ठेवून, परक्यांवर संशय घेऊन ज्यांनी त्या राखल्या त्या अनाम व्यापारी विश्वस्तांचे ऋण मोठे. मी तरुणपणी संशोधकांना अडवणाऱ्या विश्वस्तांविषयी तावातावाने बोलत असे. आता तितके बोलत नाही.

मला स्वतःला काय दिसले? काचेच्या पेटीत चार-सहा पाने. त्यांत 'कुवलयमाला' नव्हती. शाईने लिहिलेली बारीक अक्षरे, मध्ये दोरीसाठी भोक. पुजाऱ्याने विचारले, काय पाहता इतका वेळ? मी म्हटले, आमच्याविषयी इथे लिहिले आहे. तो म्हणाला, "अच्छा? अच्छा लिखा है ना?" मी म्हटले, भांडखोर लिहिले आहे. तो खूप हसला.

मंदिरातून बाहेर येताना भिंतीच्या पायथ्याशी गुडघाभर उंचीवर पांढरा पट्टा दिसला. हात लावला तर मिठासारखी भुकटी निघाली आणि तिच्यामागून दगडाचे पापुद्रे. कोकणातल्या माणसाला ही ओळख सांगावी लागत नाही. ओल. पाणी जमिनीतून भिंतीत चढते, बरोबर क्षार आणते, सुकताना क्षार दगडाचा कण न् कण सुटा करतात. जिथे ओल येऊ नये म्हणून सगळी रचना केली, तिथे ओल आली आहे.

कारण साधे आहे. पूर्वी किल्ल्यावर पाणी डोक्यावरून यायचे. पायथ्याशी चौदाव्या शतकात रावळ घडसीने बांधलेला घडसीसर तलाव, तिथून बायका घडे वाहायच्या. खाटेवर बसून अंघोळ करायची, खालच्या परातीत पडलेले पाणी जनावरांना द्यायचे, भांडी वाळूने घासायची, अशा आठवणी तिथले म्हातारे सांगतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आले. १९८७ च्या आरंभी पंजाबातल्या हरिकेपासून निघालेला इंदिरा गांधी कालवा जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढला पोचला. पाठोपाठ प्रवासी आले, त्यांच्यासाठी घरांची हॉटेले झाली, प्रत्येक खोलीला संडास-न्हाणीघर झाले. घड्याच्या हिशेबाने बांधलेल्या टेकडीवर आता नळाच्या हिशेबाने पाणी ओतले जाते, आणि आत आलेले पाणी बाहेर नेण्याची तितकी सोय नाही. फुटक्या नळांतून, गटारांतून ते टेकडीत मुरते. मातीचे थर फुगतात, शेल निसटते, आणि चुना नसलेल्या, केवळ एकमेकांच्या वजनावर उभ्या असलेल्या दगडांखालची जमीन हलते. १९९० च्या दशकात बुरूज ढासळू लागले. राणीच्या महालाचा भाग कोसळला, तो पुढे दुरुस्त झाला. १९९६ मध्ये जागतिक स्मारक निधीने हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. २००१ च्या भूजच्या भूकंपाचे हादरे इथवर आले. २०१३ मध्ये राजस्थानच्या आणखी पाच गिरिदुर्गांबरोबर त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मान मिळाला, तोच मान २०२५ मध्ये आपल्या ११ किल्ल्यांना आणि जिंजीला मिळाला. मानाने पाणी थांबत नाही.

उपाय सगळ्यांना माहीत आहे: हॉटेले खाली न्या, गटारे नीट करा. पण ज्याचे पिढीजात घर वर आहे आणि ज्याला शंभर वर्षांच्या मंदीनंतर प्रथमच दोन पैसे दिसले, त्याला हे सांगायला जायचे कुणी? हॉटेले हलली पाहिजेत, माणसे हलता कामा नयेत, असे माझे मत. हे मत मी किल्ल्यातल्याच एका हॉटेलात, तटाला लागून असलेल्या खोलीत बसून वहीत लिहिले, हेही सांगितले पाहिजे. गाडीतून उतरून थकलो होतो, रिक्षावाल्याने जिथे नेले तिथे गेलो. पहिल्या संध्याकाळी न्हाणीघरात गरम पाणी यायला वेळ लागत होता, म्हणून नळ तसाच सोडून पाच-सात मिनिटे खिडकीत उभा राहून सूर्यास्त पाहिला.

निघायच्या दिवशी मी मालकाला म्हटले, आज नळ नको, मला एकच बादली द्या, तीही अर्धी. त्याला वाटले मी तक्रार करतोय. तो घाईघाईने वर आला, नळ पुरा सोडून दाखवला, हात धारेखाली धरला आणि म्हणाला, "देखिए साहब, चौबीस घंटे. यहाँ पानी की कोई कमी नहीं."